शॉप फ्लोअरवरचे पहिले सहा महिने

आयटीआय किंवा डिप्लोमा झाला की लातूर, बीड, नांदेड, सोलापूरकडची किती तरी मुलंमुली बॅग घेऊन चाकण, भोसरी, तळेगाव, रांजणगाव गाठतात. एमआयडीसी १९६२ साली स्थापन झाली, त्याच दशकात पिंपरीत टेल्को (आताची टाटा मोटर्स) आणि आकुर्डीत बजाज उभी राहिली, पुढे २००९-१०च्या सुमारास चाकणला फोक्सवॅगन, मर्सिडीज, महिंद्र आल्या. पण नव्या मुलांपैकी बहुतेकांची पहिली नोकरी या मोठ्या नावांच्या गेटमागे नसते. ती असते या कंपन्यांना शाफ्ट, गिअर, हाउसिंग, ब्रॅकेट पुरवणाऱ्या शंभर-दोनशे माणसांच्या कारखान्यात. अशा मशीन शॉपमध्ये (जिथे धातू कापून भाग बनवतात) किंवा प्रेस शॉपमध्ये (जिथे पत्रा दाबून भाग बनवतात) उद्या पाऊल ठेवणाऱ्यांसाठी हे लिहितोय.

एक गोष्ट आधीच सांगतो, कारण पुढचं सगळं तिच्याभोवतीच फिरतं. कोणताही जाणता सुपरवायझर नव्या माणसाकडून वेग मागत नाही. आवाज बदलला, माप सरकलं, काही वेगळं दिसलं, तर हा मशीन थांबवून सांगतो का, एवढंच तो बघत असतो. वेग दोन-तीन महिन्यांत हाताला येतोच. थांबायची सवय मात्र सुरुवातीला लागली नाही, तर नंतर लावणं फार जड जातं.

१. रुजू होण्याआधी: तुमचा मालक कोण?

गेटवर नाव एका कंपनीचं आणि पगार देणारा दुसराच, असं या पट्ट्यात सर्रास असतं. म्हणून मुलाखतीतच स्पष्ट विचारा: मी कंपनीच्या रोलवर (तिच्या स्वतःच्या हजेरीपटावर), कंत्राटदाराकडे, की अप्रेंटिस म्हणून? विचारण्यात उद्धटपणा काही नाही. अप्रेंटिस असाल तर तुम्हाला १९६१चा शिकाऊ उमेदवार कायदा लागू होतो. पगाराऐवजी विद्यावेतन मिळतं, पीएफ कापला जात नाही, आणि मुदत संपल्यावर कायम करायचं बंधन कंपनीवर नसतं. तरीही ते वर्ष फुकट जात नाही, शेवटच्या परीक्षेचं प्रमाणपत्र पुढे प्रत्येक ठिकाणी कामाला येतं. कंत्राटदाराकडे असाल तर त्याचं पूर्ण नाव, ऑफिसचा पत्ता आणि नेमणुकीचं पत्र, या तीन गोष्टी हातात असल्याशिवाय रुजू होऊ नका.

कागदपत्रांत एकच गोष्ट नीट बघा: आधार, पॅन, बँक पासबुक आणि आयटीआयच्या प्रमाणपत्रावर नाव आणि जन्मतारीख अक्षरन् अक्षर सारखी हवी. एकीकडे वडिलांचं नाव मधे आणि दुसरीकडे गायब, एवढ्यावरून पुढे पीएफचे पैसे महिनोन् महिने अडकतात. गावी असतानाच दुरुस्त करून घ्या, एकदा शिफ्ट सुरू झाली की सेतू केंद्राच्या वेळा जुळत नाहीत.

राहण्याची सोय कंपनीच्या जवळ बघा, थोडी महाग पडली तरी. कॉट बेसिसवर (एका खाटेचं भाडं देऊन) खोली घेताना खोलीतले बाकीचे कोणत्या शिफ्टला जातात ते विचारून घ्या. तुम्ही रात्रपाळी करून आलात आणि बाकी चौघं फर्स्ट शिफ्टच्या तयारीत असले, तर झोपेचं खोबरं होतं.

२. पहिला आठवडा: हात मागे, डोळे पुढे

पहिल्या दिवशी बहुधा सेफ्टी ट्रेनिंग असतं. कुठे तासभर, कुठे दिवसभर, कुठे नुसत्या कागदावर सही. सही करायला सांगितली आणि ट्रेनिंग झालंच नसेल, तर नम्रपणे म्हणा, “सर, मला एकदा दाखवा, मग सही करतो.” इमर्जन्सी स्टॉप कुठे, आग लागली तर बाहेर पडायची वाट कोणती, जमायची जागा कोणती आणि प्रथमोपचार पेटी कोणाच्या ताब्यात, या चार गोष्टी स्वतः चालत जाऊन बघा.

मग एका अनुभवी ऑपरेटरशेजारी उभं केलं जातं. या दिवसांचं सोनं करा. खिशात छोटी वही ठेवा. जॉब (मशीनवर घडवायचा तुकडा) लावण्याआधी तो जॉजवरून (जॉब धरणाऱ्या जबड्यांवरून) बोट का फिरवतो, दर किती पीसनंतर गेज (माप तपासायचं साधन) उचलतो, कोणत्या आवाजाला मान वळवतो, ते लिहा. तो जॉजवर चिकटलेली चिप (कापताना निघालेला धातूचा कीस) शोधत असतो. ती चिप राहिली तर जॉब तिरका बसतो आणि बोअर (आतलं गोल भोक) वाकडा येतो, हे त्याला इतकं अंगवळणी पडलेलं असतं की विचारल्याशिवाय तो सांगणार नाही. म्हणून विचारा. लंचला किंवा चहाला विचारलंत तर माणूस मोकळेपणाने सांगतो, मशीन चालू असताना मधेच विचारू नका.

३. बोटं

या भागात मी हात आखडता घेणार नाही. पॉवर प्रेसवर बोटं गमावलेले कामगार या पट्ट्यात जिथे जाल तिथे भेटतील, आणि त्यांतले बरेचसे नोकरीला लागल्यावर पहिल्या काही महिन्यांतच जखमी झालेले असतात.

प्रेसला दोन बटणं असतात, दोन्ही हातांनी एकाच वेळी दाबायची. हेतू एवढाच की रॅम (प्रेसचा वरून दाबणारा जड भाग) खाली येताना दोन्ही हात बाहेर असावेत. काही ठिकाणी उत्पादन वाढावं म्हणून एक बटण टेपने दाबून ठेवलेलं असतं, किंवा लाइट कर्टन (हात आत गेला की प्रेस थांबवणारा प्रकाशकिरणांचा पडदा) बंद केलेला असतो, किंवा पायाच्या पेडलवर प्रेस चालवली जाते आणि पीस हाताने काढायचा असतो. असं दिसलं तर त्या मशीनवर बसू नका. “सेफ्टी चालू करून द्या, मी लगेच काम करतो,” एवढं वाक्य पुरेसं आहे. कोणी म्हणेल, “सगळे असंच चालवतात.” चालवत असतील. तरी बसू नका. दुसरी मशीन मागा, सुपरवायझरला सांगा, सेफ्टी ऑफिसर असेल तर त्याला सांगा, आणि तरीही ऐकत नसतील तर नोकरी सोडा. अशी नोकरी एमआयडीसीत दुसरीकडे मिळते.

मशीन शॉपचे धोके वेगळे. ड्रिलिंग, लेथ किंवा कोणत्याही फिरत्या भागाजवळ हातमोजे घालू नका. नव्या माणसाला हे उलटं वाटतं, पण मोज्याचा एक धागा चकमध्ये (जॉब धरून फिरणाऱ्या भागात) अडकला की तो अख्खा हात ओढून नेतो. हातमोजे धारदार पत्रा उचलताना आणि गरम जॉब हाताळताना घालायचे. अंगठी, कडं, गळ्यातला गोफ, सैल बाही, ओढणी, मोकळे केस यांतलं काहीही फ्लोअरवर नको. लांबच लांब गुंडाळ्या होऊन येणाऱ्या चिप्स हाताने ओढू नका, हुक असतो. आणि कंप्रेसरच्या हवेने अंगावरचे कपडे झटकू नका. शिफ्ट सुटताना सगळे करतात, पण ती हवा डोळ्यांत धातूचा कण घुसवू शकते आणि जखमेतून कातडीखालीही शिरते.

मेंटेनन्सवाला मशीनमध्ये वाकून काम करत असेल तर मेन स्विचला त्याचं कुलूप किंवा टॅग लागलेला असतो. तो ज्याने लावला त्यानेच काढायचा. “झालं असेल” म्हणून दुसऱ्याने कधीच काढू नये.

सेफ्टी शूजमध्ये पाय सुजत असेल तर साइज बदलून मागा. कानाचंही तसंच. कारखान्यात आठ तासांसाठी ९० डेसिबल ही आवाजाची मर्यादा धरली जाते. मीटर तुमच्याकडे नसणार, पण हाताच्या अंतरावरच्या माणसाशी ओरडून बोलावं लागत असेल तर इअरप्लग घाला. गेलेली ऐकण्याची ताकद परत येत नाही. कूलंटने (कापताना थंड ठेवायला सोडलेल्या द्रवाने) हाताला खाज सुटू लागली तर लगेच सांगा, बॅरिअर क्रीम मागा, आणि हात थिनरने किंवा डिझेलने न धुता साबणानेच धुवा.

४. माप

कॉलेजात व्हर्निअर हाताळलेला असतो, तरी फ्लोअरवर मोजणं नव्याने शिकावं लागतं. समजा ड्रॉइंगवर बोअर “३० एच ७” लिहिलाय. याचा अर्थ व्यास ३०.००० ते ३०.०२१ मिलिमीटरच्या आत हवा. म्हणजे सगळी मुभा २१ मायक्रॉनची (मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग). ०.०२ मिलिमीटर लीस्ट काउंटचा व्हर्निअर इथे काही कामाचा नाही, कारण त्याचा एकच घर म्हणजे २० मायक्रॉन. यासाठी बोअर गेज किंवा प्लग गेज लागतो. प्लग गेजची ‘गो’ बाजू सहज आत गेली पाहिजे, आणि ‘नो गो’ बाजू, जिच्यावर बहुधा लाल खूण असते, ती जाता कामा नये. “सहज” हा शब्द महत्त्वाचा आहे. गो बाजू पिळून, ठोकून, तेल लावून घातली तर पीसही खराब आणि गेजही.

आणखी एक बारकावा, जो कळायला अनेकांना वर्ष लागतं. मशीनमधून निघालेला जॉब गरम असतो. पोलाद तापलं की फुगतं, एक मीटर लांबीला दर अंशामागे साधारण साडेअकरा मायक्रॉन. आपला ३० मिलिमीटरचा बोअर पंधरा अंशांनी जास्त गरम असेल तर सुमारे ५ मायक्रॉन मोठा दिसेल, म्हणजे आपल्या मुभेचा जवळपास पाव भाग. तुम्ही ‘ओके’ म्हणाल, आणि एसीतल्या स्टँडर्ड रूममध्ये (मोजमापाच्या खोलीत) २० अंशांना तोच पीस लहान भरेल. म्हणून जॉब थोडा निवू द्या, कूलंट पुसा, बर (कडेला राहिलेली धारदार कोर) काढा, मग मोजा. बोअरच्या काठावर बर राहिला तर गो गेजही अडतो, आणि चांगला पीस रिजेक्टमध्ये जातो.

गेजवर कॅलिब्रेशनचं स्टिकर असतं. शिफ्टच्या सुरुवातीला त्यावरची तारीख बघा, उलटून गेली असेल तर क्वालिटीला सांगा. आणि गेज हातातून पडला, तर तो पुसून परत जागेवर ठेवू नका. “पडला” म्हणून सांगा. ओरडा बसला तर पाच मिनिटांचा बसेल. वाकडा गेज मुकाट्याने वापरात राहिला तर त्याने तपासलेला सगळा माल संशयात जातो.

५. पीस बिघडला तर

हा सगळ्यांत नाजूक क्षण. इन्सर्टची (टूलच्या टोकाला बसवलेल्या कापणाऱ्या तुकड्याची) कड तुटली, बोअरमध्ये रेषा आल्या, माप बाहेर गेलं. नव्या माणसाला पहिली इच्छा होते ती पीस लपवायची. चांगल्या पिसांच्या क्रेटमध्ये खाली सरकवायचा, स्क्रॅपच्या ढिगात टाकायचा, बॅगेतून बाहेर न्यायचा. कृपा करून असलं काही करू नका.

त्या वेळी क्रम असा ठेवा. मशीन थांबवा. पीस लाल बिनमध्ये ठेवा आणि खडूने किंवा मार्करने खूण करा. मग स्वतःला विचारा, शेवटचा तपासून ओके केलेला पीस कोणता? दर दहा पीसनंतर तपासत असाल आणि आत्ता तपासलेला वाईट निघाला, तर मधले सगळे संशयित आहेत. ते बाजूला काढा, चांगल्यांत मिसळू देऊ नका. आता सेटरला (मशीन जुळवून देणाऱ्याला) किंवा लाइन लीडरला हाक मारा आणि जे घडलं ते सरळ सांगा: कितव्या पिसाला, कोणतं माप, किती बाहेर, आधी काही आवाज आला होता का.

चार पिसांचं नुकसान कंपनी सोसते. पण तोच एक पीस चारशे चांगल्यांत मिसळून ग्राहकाच्या लाइनवर पोचला, तर तिथली असेंब्ली थांबते. मग इकडून चार-पाच माणसं गाडी करून तिकडे जातात आणि दिवसभर उभं राहून एकेक पीस गेजने निवडतात. इकडे स्टोअरमधला, ट्रॉलीवरचा, गाडीत भरलेला सगळा माल पुन्हा तपासला जातो. मग “का, का, का” विचारत कारण शोधायची बैठक बसते, आणि ट्रेसेबिलिटीच्या (कोणता पीस कधी, कुठे बनला याच्या) नोंदींवरून शिफ्ट, मशीन, ऑपरेटर सगळं निघतं. लपवलेलं लपत नाही. ज्याने वेळेवर सांगितलं त्याच्यावर पुढच्या वेळी जास्त विश्वास टाकला जातो, हे मी अनेक शिफ्टमध्ये पाहिलंय. सांगणाऱ्यावरच खेकसणारे सुपरवायझरही असतात. अशाच्या हाताखाली असाल तरी सांगाच, आणि शिफ्टच्या रजिस्टरमध्ये वेळेसह लिहून ठेवा.

६. टार्गेट

आठ तासांची शिफ्ट म्हणजे ४८० मिनिटं. जेवणाची ३० आणि दोन चहांची २० वजा केली की ४३० मिनिटं, म्हणजे २५,८०० सेकंद. सायकल टाइम (एक पीस व्हायला लागणारा वेळ) ९० सेकंद असेल तर कागदावर २८६ पीस निघतात. प्रत्यक्षात टूल बदलणं, तपासणी, चिप्स साफ करणं, माल संपणं यात वेळ जातो, आणि ८५ टक्के धरले तर २४३च्या आसपास येतात. हा हिशेब स्वतः करायला शिका. मग “आज कमी का?” विचारल्यावर “जमलं नाही” म्हणायची वेळ येत नाही. “दहा वाजता माल अर्धा तास उशिरा आला, इन्सर्ट दोनदा बदलला,” असं उत्तर देता येतं, आणि ते वरपर्यंत ऐकलं जातं. नव्या माणसाचं टार्गेट सुरुवातीला कमी ठेवायला हवं. ठेवलं नसेल तर मागून घ्या.

७. शिफ्ट बदलताना आणि रात्रपाळीत

मशीन हातात घेताना पाच मिनिटं लवकर या. आधीच्या ऑपरेटरला तीन गोष्टी विचारा: ऑफसेट (माप जुळवायला मशीनला दिलेली दुरुस्ती) बदललाय का, टूलवर किती पीस झाले, आणि रीवर्कचे (पुन्हा दुरुस्त करायचे) पीस कुठे ठेवलेत. उत्तर काहीही असो, पहिला पीस काढून क्वालिटीकडून मंजूर करून घेतल्याशिवाय पुढे जाऊ नका. जाणारा माणूस बस पकडायच्या घाईत असतो, आणि बिघडलेल्या मालाची बरीच कहाणी याच दहा मिनिटांत सुरू होते.

रात्रपाळीत पहाटे तीन ते पाच हा सगळ्यांत वाईट वेळ. डोळे उघडे असतात आणि मन झोपलेलं. त्या वेळात तपासणीचं अंतर कमी करा, दहाऐवजी पाच पीसनंतर बघा. झापड फारच येत असेल तर मशीन थांबवून तोंड धुवा, लाइन लीडरला सांगून चार पावलं चाला. रात्रीचं जेवण हलकं ठेवा. सकाळी खोलीवर गेल्यावर मोबाइल बाजूला ठेवून, खिडकीला जाड पडदा लावून झोपा. रात्रपाळीनंतर लगेच दुचाकीवर गावाला निघू नका, नाशिक रोडवर किंवा नगर रोडवर झोपेने झालेले अपघात काही कमी नाहीत.

मुलींना रात्रपाळीत बोलवायचं तर त्यांची संमती आणि घरापर्यंत वाहनाची सोय लागते. दहा किंवा अधिक माणसं असलेल्या प्रत्येक ठिकाणी लैंगिक छळाच्या तक्रारींसाठी अंतर्गत समिती असणं २०१३च्या कायद्याने बंधनकारक आहे. त्या समितीत कोण आहे ते पहिल्याच महिन्यात माहीत करून घ्या.

८. माणसं

सेटरशी जमवून घ्या, टूल रूममधल्या आणि स्टोअरमधल्या काकांशीही. मॅनेजरपेक्षा तुमचा रोजचा दिवस हे लोक ठरवतात. वयाने मोठ्याला काका, मामा, दादा म्हटलेलं चालतं आणि आवडतं, साहेब लोकांना सर. बिहार, उत्तर प्रदेश, ओडिशातून आलेले सहकारी शेजारच्याच मशीनवर असतील. हिंदी कच्ची असली तरी बोला, प्रेसवर वेळेवर आलेली “रुको” ही हाक कोणाच्याही तोंडची असू शकते.

गुरुवार लक्षात ठेवा. पिंपरी-भोसरी पट्ट्यात अनेक कारखान्यांची साप्ताहिक सुट्टी रविवारी नसून गुरुवारी असते, तेव्हा गावाकडच्या लग्नांची आखणी आधीपासून करा. आणि खंडेनवमीला आवर्जून हजर राहा. त्या दिवशी मशीन घासूनपुसून चकाकवतात, झेंडूचे हार घालतात, बाहेर न येणारे साहेबही फ्लोअरवर येतात. एरवी वर्षभर न बोललेली माणसं त्या दिवशी बोलतात.

९. पगाराची स्लिप वाचा

दर महिन्याला स्लिप मागा आणि मोबाइलमध्ये फोटो ठेवा. पीएफसाठी मूळ पगार आणि महागाई भत्त्याच्या १२ टक्के तुमचे कापले जातात आणि कंपनीही तेवढेच भरते. महिना २१,००० रुपयांपर्यंत पगार असेल तर ईएसआयसी (कामगार राज्य विमा) लागू होतं: तुमचे ०.७५ टक्के, कंपनीचे ३.२५ टक्के. व्यवसाय कर महाराष्ट्रात बहुतेकांना महिना २०० आणि फेब्रुवारीत ३०० रुपये पडतो. महिलांना २५,००० रुपयांपर्यंत तो माफ आहे, तरी कापलेला दिसला तर विचारा. आठवड्याच्या ४८ तासांवरचं काम म्हणजे ओव्हरटाइम, आणि त्याचा दर दुप्पट. “सिंगल ओटी” (ओव्हरटाइमला साधाच दर) ही प्रथा आहे, कायदा नाही.

कापलेले पैसे खरंच जमा होतात का ते तुमच्या यूएएन (पीएफच्या कायमच्या) क्रमांकावरून पासबुकात दिसतं. दोन महिन्यांत काहीच दिसलं नाही तर एचआरकडे लेखी विचारा.

कामावर इजा झाली, अगदी छोटी असली, तरी अपघाताच्या नोंदवहीत लिहून घ्या. “खासगी दवाखान्यात नेतो, नोंद नको,” असं कोणी म्हटलं तरी नोंद करूनच घ्या. ईएसआयसीत कामावरच्या इजेसाठी नोकरीच्या पहिल्या दिवसापासून संरक्षण आहे, आणि इजेमुळे बसून राहावं लागलं तर वेतनाच्या ९० टक्क्यांपर्यंत लाभ मिळतो. घरून कामावर येता-जाता झालेला अपघातही कामाशी संबंध सिद्ध झाला तर यात येतो. नोंदच नसेल तर यातलं काही सिद्ध करता येत नाही.

१०. सहा महिन्यांनंतर

तोपर्यंत मशीन हातात बसलेली असते. आता सेटरकडे शिकायला उभे राहा: ऑफसेट कसा देतात, टूलची झीज कशी ओळखतात, नव्या जॉबसाठी जॉज कसे बोअर करतात. हे तो ड्युटीत शिकवेलच असं नाही, शिफ्टनंतर अर्धा तास थांबलात तर शिकवतो. ड्रॉइंग वाचायचा सराव ठेवा. ऑपरेटर आणि सेटर यांच्या पगारातला फरक मुख्यतः या दोन गोष्टींचा असतो.

दुसरीकडे जास्त पगार मिळाला आणि जायचं ठरलं, तर राजीनामा लेखी द्या, त्याची पोच घ्या, नोटीसचे दिवस भरा आणि अनुभवाचं पत्र हातात आल्यावरच बाहेर पडा. नव्या कंपनीला जुनाच यूएएन द्या आणि पीएफ ट्रान्सफर करून घ्या. काढून घेऊ नका. पीएफमधल्या पेन्शनसाठी दहा वर्षांची सेवा लागते, आणि प्रत्येक नोकरीनंतर सगळं काढून घेणाऱ्याची ही वर्षं दर वेळी पुन्हा शून्यापासून मोजली जातात.